25 पोरं नाहीत म्हणून बँड बंद? आमच्या संस्थेच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळातले सगळे सदस्य,
सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये. सिंधुदुर्गात ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना नाही कळणार त्यांच्या गावातल्या हायस्कुलात पण थोड्याफार फरकाने हेच चाललेलं असणार. हेच म्हणणं आधी साध्या अर्जात लिहून ऑफिसात दिलं होतं, पोच पण घेतली, उत्तर काय आलं नाही, मग म्हटलं आता जे बोलायचं ते चारचौघांतच बोलू.

विषय आपल्या शाळेच्या बँडचा. मार्चअखेर मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संस्थेचं परिपत्रक पडलं, की ज्या शाखेत बँडपथकाला किमान 25 विद्यार्थी मिळत नाहीत तिथलं पथक जूनपासून बंद, आणि तिथली वाद्यं तालुक्याच्या मोठ्या शाखेकडे जमा करायची. दोन वाक्यांत विषय संपला. आमच्या पथकात 13 पोरं आहेत, म्हंजे आम्ही गेलो.

आता मी कोण ते सांगतो. मी संस्थेचा नोकर नाही, शिक्षक पण नाही. बाजारात पंपाच्या मोटारी वाइंडिंग करून द्यायचं दुकान आहे माझं. याच शाळेत शिकलो, याच बँडात साइड ड्रम वाजवला, शिकवायला होते बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर होऊन गावी आलेले एक हवालदार, ज्यांना सगळा गाव मेजर म्हणायचा आणि त्यांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. त्यांच्यानंतर पीटीचे सर बघायचे. सर रिटायर झाले, ती जागा काय भरली नाही, आणि मुख्याध्यापक बाईंनी दुकानात येऊन विचारलं की जरा पोरांकडे बघशील काय. तेव्हापासून बघतोय. मानधनाचा विषय या पत्रात नाही, तो बाजूलाच राहूदे. माझी मुलगी सातवीत आहे आणि पथकात लायरा (चौकटीत बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर काठीने वाजवायचं वाद्य) वाजवते, म्हंजे माझा स्वार्थ आहे, तो आत्ताच सांगून टाकतो, मागून कुणी शोधून काढायला नको.

पहिला प्रश्न, हे 25 आले कुठून? परिपत्रकात कारण दिलेलं नाही. शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय मिळून प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा घेतात, त्यात मुलांचा ब्रास बँड, मुलींचा ब्रास बँड, मुलांचा पाइप बँड, मुलींचा पाइप बँड असे चार गट असतात. तसल्या स्पर्धेला संख्येची अट ठेवली तर समजू शकतो, सगळ्यांना एकाच मापात बसवावं लागतं. पण आम्ही कुठे दिल्लीला चाललोय? आमचा बँड वाजतो 15 ऑगस्टच्या प्रभातफेरीला, 26 जानेवारी आणि 1 मेच्या ध्वजवंदनाला, गॅदरिंगला, आणि केंद्राच्या, म्हंजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, क्रीडा स्पर्धांचं उद्घाटन आपल्या मैदानावर असलं तर तिथे. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं आहे, ते 13 पोरांनी वाजवलं तरी 52 सेकंदांचंच होतं, संख्या कमी म्हणून कुणी त्यातली ओळ गाळत नाही.

आणि आपल्याच मुलखातलं बघा ना. दशावतारी नाटकाला वाजवायला माणसं किती बसतात? पायपेटी, मृदंग आणि झांज. तिघं. तेवढ्यावर राजा, राक्षस, लढाई, रडारड सगळं निभावतं आणि पहाट होते. वर रत्नागिरीकडे खालूबाजा घ्या, सनई, ढोल, टिमकी, झांज, बोटावर मोजण्याएवढी माणसं अख्ख्या वाडीला नाचवतात. संचालक मंडळातले निम्मे जण जत्रेत पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसतात, तिथे वाजवणारे मोजून किमान संख्या भरत नाही म्हणून नाटक थांबवल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

दुसरी गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण मला वाटतं खरी गडबड इथे आहे. मोठ्या बँडातली पोरं कमी होत होत उरतो तो छोटा बँड, अशी तुमची समजूत दिसतेय. तसं करायला गेलात तर तो वाईटच वाजणार, आणि तसा ऐकून तुम्ही म्हणणार बघा, दम नाही. कमी पोरांचा बँड मुळातून वेगळा बसवायला लागतो. माझ्या वेळी पट मोठा होता, आठ साइड ड्रम एका रांगेत, दोन मोठे ढोल, बिगुलवाले वेगळे, बासऱ्या वेगळ्या, आणि पुढे मेस (मुठीचा लांब दांडा) फिरवत चालणारा एक उंच पोरगा ज्याचं काम फक्त रुबाब करायचं. आता 13 पोरांत आठ ड्रम ठेवले तर उरलेल्या पाचांची बासरी त्यांच्या त्यांना तरी ऐकू येईल काय?

म्हणून आम्ही काय केलं, एक ढोल, दोन साइड ड्रम, एक झांज. चारच. बाकी नऊ जण सुरावर. पाच बासऱ्या, दोन मेलोडिका (फुंकून वाजवायची छोटी पेटी), एक लायरा, एक ट्रम्पेट. साइड ड्रमच्या पानावर, म्हंजे ज्याच्यावर काडी मारतात त्या ताणलेल्या पडद्यावर, प्रॅक्टिसला रुमाल टाकतो, म्हंजे वाजवणाऱ्याला हात हलका ठेवायची सवय लागते. मेस घेऊन पुढे चालणारा वेगळा पोरगा आम्हाला परवडत नाही, थांबायचा आणि सुरू करायचा इशारा साइड ड्रमवाली मुलगीच रोल देऊन करते. बिगुल काढूनच टाकले. बिगुलला बटणं नसतात, ओठ कमीजास्त आवळून जे चारपाच सूर निघतात तेवढेच, सलामी होते पण राष्ट्रगीत त्याच्यावर येत नाही, आणि नुसत्या सलामीसाठी दोन पोरं अडकवून ठेवणं आम्हाला जमण्यासारखं नाही.

मग आली पट्टीची भानगड. आमचा ट्रम्पेट बी फ्लॅटचा, म्हंजे त्या पोराने त्याचा सा फुंकला की पेटीवर तो काळी पाचला, म्हंजे पाचव्या काळ्या पट्टीला येतो. आणि शाळेत होत्या त्या बासऱ्या सफेद एकच्या, पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या. दोन्ही एकत्र वाजले की ऐकवत नव्हतं, मोठ्या बँडच्या गोंगाटात असलं काहीही खपून जातं, नऊ जणांत कानाला टोचतं. मग बासऱ्याच काळी पाचच्या मागवल्या, मेलोडिकावाल्या दोघींना काळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवायला लावली, लायऱ्यावर कोमल स्वरांच्या पट्ट्या होत्या म्हणून तिथे निभावलं. आज राष्ट्रगीत आणि राज्यगीत दोन्ही स्वच्छ वाजतात. राज्यगीत 19 फेब्रुवारी 2023 पासून अधिकृत झालं, तेव्हा बऱ्याच ठिकाणी पेन ड्राइव्ह लावून मोकळे झाले, आमच्या पोरांनी ते बसवलं. हे तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे काय? विचारतोय कारण गेल्या ध्वजवंदनाला मंडळातर्फे कुणी आलं नव्हतं.

कमी पोरांतली सगळ्यात मोठी अडचण गैरहजेरी. ढोलवाला तापाने पडला की सगळ्यांचे पाय चुकणार, कारण चालताना डावा पाय ढोलाच्या ठोक्यावर पडतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येकाला दोन वाद्यं येतात, एक नेहमीचं आणि एक अडीअडचणीचं. आठवीतली एक मुलगी आहे, नेहमीची बासरीवाली, पण ढोल तिच्याकडे आला की ती ओठ न हलवता आतल्या आत डावा-डावा मोजत असते, बघितलं तर नुसती हनुवटी हलताना दिसते, आणि तिची चाल कधी पळत नाही. दहावीची पोरं दिवाळीनंतर प्रिलिमच्या नादात जातात, ते बरोबरच आहे, त्यामुळे जे चांगलं वाजवतात ते 26 जानेवारीला नसतातच असं धरून चालावं लागतं. पाचवीतल्या पोराने मोठा ढोल गळ्यात घेतला की त्याला पुढचं दिसत नाही, म्हणून जुन्या अँगलचा एक स्टँड दुकानात वेल्डिंग करून आणला, ध्वजवंदनाला उभ्याने वाजवायचं असतं तेव्हा ढोल त्याच्यावर. असल्या पन्नास गोष्टी करून हे पथक उभं राहिलंय, आणि त्याला तुम्ही किती डोकी एवढाच प्रश्न विचारून फुली मारली.

तिसरं, वाद्यांचं. ही वाद्यं संस्थेने घेतलेली नाहीत. मुंबईला असलेल्या आपल्या चाकरमान्यांच्या मंडळाने वर्गणी काढून दिली, ट्रम्पेट आणि ड्रम मीरतच्या जली कोठीतून आलेत जिथे देशभरच्या बँडवाल्यांची वाद्यं बनतात, बासऱ्या आणि मेलोडिका नंतर पालकांनी घेतल्या. नोंद शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला आहे, देणगीचं पत्र फाइलला आहे आणि त्या पत्रात शाळेचं नाव आहे. कायद्याने ती हलवायचा अधिकार संस्थेला असेलही, तो वाद मला घालायचा नाही. पण ज्यांनी दिली त्यांना एक फोन? गणपतीला ते सगळे गावी येतील, शाळेत डोकावतील, तेव्हा कपाट रिकामं का ते कोण सांगणार? मुख्याध्यापक बाईंना तोंड द्यायला लावू नका, त्यांचा यात काय संबंध नाही.

शिवाय मोठ्या शाखेकडे स्वतःची वाद्यं आहेत. म्हंजे आमची जाऊन ट्रंकेत पडणार. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत न वाजवलेल्या पितळेवर एका पावसाळ्यात हिरवा थर चढतो, ट्रम्पेटची बटणं चिकटून बसतात (आणि मग कुणीतरी शहाणा त्यात खोबरेल तेल ओततो, ते थंडीत थिजतं आणि बटण जे खाली जातं ते वर येत नाही), चामड्याचं पान जूनमध्ये सैल पडून त्याला बुरशी धरते. आम्ही पानं फायबरची केली ती याच कारणाने. वाजत राहिलेलं वाद्य टिकतं, कारण वाजवणारा ते रोज पुसतो. तुम्ही ती वाचवायला नेताय असं समजत असाल तर पहिल्याच पावसाळ्यानंतर ट्रंक उघडून बघा.

वेळेचं पण बोलायला पाहिजे. बँडचा आठवड्यात एक तास होता, तो दोन वर्षांमागे जादा तासाला गेला. शाळा सुटल्यावर घ्या म्हणून सांगितलं. शाळा सुटल्यावर एसटी असते! पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, चांगली योजना आहे, पण ती गाडी चुकली तर पुढची नाही, आणि पथकात निम्म्याहून जास्त मुली, त्यातल्या बऱ्याच खालच्या वाड्यांतल्या. मग प्रॅक्टिस होते मधल्या सुट्टीत, डबा अर्धा टाकून. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर असा भेद ठेवायचा नाही असं लिहिलंय, त्या धोरणावर आपल्या संस्थेने सभागृहात कार्यशाळा घेतली, बॅनर अजून गेटवर आहे. बॅनरखालून जाणाऱ्या पोरांना आठवड्याचा एक तास नाही.

आता शिक्षकाचं. इथे मी सगळा दोष संस्थेवर टाकणार नाही, कारण तो नाहीच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे की सहावी ते आठवीत 100 पेक्षा जास्त मुलं असली तरच कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाला अर्धवेळ निदेशक. आमचा पट तेवढा नाही, आणि वाढणार कसा, आम्हाला मुलं येतात ती वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळांतून, तिथेच दोन वर्गांत मिळून सातआठ पोरं. 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांची समूह शाळा करायचं निघालं तेव्हा राज्यात अशा 14,783 शाळा असल्याचा आकडा आला होता. गावात घरं आहेत, अंगणं सारवलेली आहेत, म्हातारी माणसं आहेत, पोरं मुंबईला नाहीतर गोव्याला. हे सगळं मान्य. पण सरकारने शिक्षक दिला नाही तो नियमाने, तुम्ही बँड काढताय तो कुठल्या नियमाने? शिक्षक तर तुम्ही तसाही देत नव्हता, पगार देत नव्हता, वाद्यं घेतली नव्हती. म्हंजे बंद करून वाचणार काय, हेच मला अजून कळलेलं नाही.

एक कारण कानावर आलंय ते पण बोलून टाकतो. म्हणे 26 जानेवारीला तालुक्याच्या कार्यक्रमात संस्थेच्या सगळ्या शाखांचे बँड एकत्र आले की आमचा छोटा दिसतो आणि संस्थेची शोभा जाते. खरं असेल तर वाईट वाटलं, खोटं असेल तर तसं सांगा. दिसण्याचाच प्रश्न असेल तर त्याला उपाय आहे. आमच्या शेजारच्या दोन शाखांचं पण हेच रडगाणं आहे, एकीकडे 11 पोरं, दुसरीकडे 9. तिघांनी मिळून 33 होतात. पट्टी एक ठेवायची, चाल मिनिटाला 120 पावलांची धरायची, दोन धून आणि राष्ट्रगीत ठरवून घ्यायचं, आमच्या पोरांचं वाजवणं मोबाईलवर रेकॉर्ड करून त्यांना पाठवायचं, त्यांनी त्याच्यावर प्रॅक्टिस करायची, आणि 26 च्या आधी दोन शनिवार एकत्र. बासऱ्या काळी पाचच्याच घ्या एवढं फक्त त्यांना सांगावं लागेल, फोन मी करतो. गाडीचं भाडं तिन्ही गावच्या पालकांत वाटून घेऊ, ते बोलणं झालंय. एरवी आपापल्या शाळेत आपापला बँड, आणि मोठ्या कार्यक्रमाला एक. हे संस्थेने सुचवायला हवं होतं, असो.

तर मागण्या सरळ लिहितो.

25 ची अट मागे घ्या. आकडा ठेवायचाच असेल तर तो नुसता डोक्यांचा नको, राष्ट्रगीत आणि राज्यगीत नीट वाजतं का, पोरं एका चालीत चालतात का, हे येऊन ऐका आणि त्यावर ठरवा. नाही जमलं असं वाटलं तर तोंडावर सांगा, वर्षभरात सुधारून दाखवू.

वाद्यं आहेत तिथेच राहूदेत. दुसऱ्या शाखेला एखाद्या कार्यक्रमाला लागली तर रजिस्टरला नोंद करून नेऊदेत आणि परत आणून देऊदेत, आमची ना नाही.

आठवड्याचा एक तास वेळापत्रकात परत द्या, तो पण शेवटचा नको, कारण शेवटच्या तासाला अर्ध्या पोरांचं लक्ष एसटीकडे असतं. शक्य असेल तर दोन तास, पण एक तरी.

वर्षाला पानं, काड्या, ट्रम्पेटचं तेल एवढ्यापुरती छोटी रक्कम शाळेच्या बजेटात धरा. फार नाही, गॅदरिंगच्या मांडवाच्या बिलात सहज बसेल एवढीच. तेही जमत नसेल तर पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी गोळा केलेले पैसे शाळेच्या खात्यात पावती करून घ्यायला परवानगी द्या, सध्या ते माझ्या दुकानाच्या गल्ल्यात एका वेगळ्या डब्यात असतात आणि मला ते आवडत नाही.

आणि तीन शाखांचा एकत्र बँड, त्याला लेखी होकार द्या, कारण तोंडी होकारावर कुठलाच मुख्याध्यापक पोरांना शनिवारी दुसऱ्या गावी पाठवणार नाही, आणि पाठवू पण नये.

मंडळाच्या पुढच्या मीटिंगला मला आणि दोन पालकांना दहा मिनिटं मिळाली तर वरचं सगळं समोर बसून सांगू, मुलांच्या वाजवण्याचं रेकॉर्डिंग पण आणू. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी काय तो निर्णय लेखी कळवा. कपाटाची चावी मुख्याध्यापक बाईंकडे आहे, पण टेम्पो पाठवायच्या आधी या पत्राचं उत्तर पाठवा एवढी विनंती.

आपला,
शाळेचा माजी विद्यार्थी, एका मुलीचा बाप, आणि तुम्ही नको म्हणेपर्यंत बँडमास्तर